वडाळ्याच्या मिठागरातली कॉफी

माझ्या देशसेवेच्या आड आजवर सरकार आलं नाही, पोलीस आले नाहीत. कॉफी आली.

हे आधीच सांगून टाकतो, कारण गेली दोन वर्षं मी मराठी राज्याच्या चळवळीची पत्रकं लिहितो आहे आणि पत्रकात मुद्दा पहिल्या ओळीत सांगायचा असतो. दुसऱ्या ओळीत निषेध असतो. इथे निषेध माझा स्वतःचाच करायचा आहे, त्यामुळे तो जरा लांबणीवर टाकतो.

सीमेवरची मराठी गावं आपल्या राज्यात यावीत म्हणून तिथे सत्याग्रहींच्या तुकड्या जायच्या होत्या. त्याआधी आमच्या भागातल्या पोरांचं दोन दिवसांचं शिबिर घ्यायचं ठरलं. जागा वडाळ्याला, मिठागरांच्या कडेची मोकळी जमीन. शिबिराचं नियमपत्रक लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी सात नियम लिहिले. सात नियम म्हणजे अगदी सप्तपदीसारखं वाटायला लागलं, त्यात काही जरब नव्हती. म्हणून मी आठवा ठोकून दिला: 'एकवीस वर्षांखालील सत्याग्रहीस वडिलांच्या लेखी संमतीखेरीज तुकडीत घेतले जाणार नाही.' पत्रक छापून झालं, गिरगावातल्या वाड्यावाड्यांतून वाटून झालं, भिंतींवर चिकटवूनही झालं. आणि मग माझ्या ध्यानात आलं की मी एकोणीस वर्षांचा आहे.

आमचे वडील, म्हणजे अण्णा, एका जहाज कंपनीत हेडक्लार्क आहेत. शांत माणूस. पण त्यांच्या शांतपणाचे दोन प्रकार आहेत. दिवसभराचा शांतपणा हा स्वभाव. सकाळचा शांतपणा ही कारवाई. सकाळची कॉफी पोटात जाईपर्यंत अण्णा एक शब्द बोलत नाहीत. बोटांनी बोलतात. एक बोट म्हणजे टॉवेल, दोन बोटं म्हणजे वर्तमानपत्र, आणि तळहात उताणा झाला की आईने धावायचं. आमच्या दोन खोल्यांत सगळे चहा पितात. कॉफी एकट्या अण्णांची. भरपूर दूध, साखर, वर किसलेलं जायफळ. गेली पंचवीस वर्षं आई ती करते आहे, आणि पंचवीस वर्षांत अण्णांनी त्या कॉफीला चांगली किंवा वाईट म्हटलेलं नाही. कप रिकामा होतो आणि माणूस बोलायला लागतो. आईला तेवढं प्रशस्तिपत्रक पुरतं.

तर मी संध्याकाळची वेळ साधून (सकाळी बोटांशी वाद घालता येत नाही) अण्णांपुढे पत्रक ठेवलं.

"अण्णा, सही हवी होती."

त्यांनी चष्मा चढवून आठही नियम वाचले. "कोणी लिहिलंय हे?"

"मी."

"आठवा नियम चांगला आहे. त्या एका नियमावर भागलं असतं."

"मग सही?"

"शिबिरात स्वयंपाक कोण करतं?"

"आम्हीच. म्हणजे आमच्यातलंच कोणीतरी."

"तू?"

आतून आई म्हणाली, "त्याला अहो स्टोव्ह पेटवता येत नाही. परवा पिन मार म्हटलं, तर स्टोव्हसमोर उभा राहून मलाच विचारतो, हा परदेशी कंपनीचा माल आपण का घ्यायचा."

अण्णांनी चष्मा काढला. "मधू, मी साधा माणूस आहे. मला सकाळी कपभर कॉफी लागते. मी तुझ्या शिबिरात येतो, एक रात्र राहतो. सकाळी तू स्वतःच्या हाताने मला कॉफी करून द्यायची. पिण्यासारखी झाली, तर तिथल्या तिथे सही करतो. ज्याला एका माणसाला सकाळची कॉफी देता येत नाही, तो अख्ख्या मराठी मुलखाला राज्य काय मिळवून देणार?"

या युक्तिवादावर मी पुढे तीन दिवस विचार केला.  अजूनही करतो आहे.

"आणि तू," ते आईला म्हणाले, "हात लावायचा नाहीस. तोंडही उघडायचं नाही."

"मग मी कशाला येऊ?"

"साक्षीदार म्हणून."

मला अट सोपी वाटली. कॉफी होताना मी जन्मापासून पाहत होतो! (खरं म्हणजे मी कप आतल्या खोलीतून बाहेर येताना पाहत होतो. पण माणूस एकोणीस वर्षांचा असला की दार आणि चूल यांतला फरक त्याला बारीकसारीक वाटतो.)

शिबिराच्या आदल्या दिवशी मी दादरच्या एका कॉफीच्या दुकानात गेलो. दुकानदार दक्षिणेकडचा, कपाळाला भस्म, मराठी स्वच्छ. बिया भाजण्याचा वास रस्त्याच्या पलीकडून माणसाला ओढून आणत होता. त्याने माझ्यासमोर बिया दळायच्या यंत्रात ओतल्या आणि दुसऱ्या डब्यातून एक तांबूस पूड मापाने काढली.

"ही काय आहे?" मी विचारलं.

"चिकोरी."

"म्हणजे कॉफी नव्हे?"

"कॉफी नव्हे. कॉफीत घालतात."

माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळाच तयार झाला. उघड्यावर, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत भेसळ! मी त्या सद्गृहस्थाला जनतेच्या वतीने चार शब्द सुनावले. त्याने ते ऐकून घेतले. मग म्हणाला, "बरं, चिकोरी नको. नुसती दळून देतो."

पण माझा विश्वास उडाला होता. दळलेल्या पुडीत काय मिसळलंय ते देवाला ठाऊक. अख्ख्या दाण्यात मात्र कोणाच्या बापाला भेसळ करता येत नाही. "दळायचं काही काम नाही," मी म्हटलं, "अख्ख्याच बांधा."

"घरी यंत्र आहे?"

"इच्छाशक्ती आहे."

दुकानदाराने पुडी बांधून दिली आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. ती नजर मी तेव्हा माझ्या भाषणाचा परिणाम समजलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही वडाळ्याला तंबू ठोकले. तंबू एका बंद पडलेल्या सर्कशीचे होते. प्रत्येकाला आपापला इतिहास होता आणि तो नाकाला कळत होता. अण्णा आणि आई संध्याकाळी बसने आले. अण्णा ऑफिसच्या काळ्या कोटात, आईच्या हातात तांब्या आणि वळकटी. त्यांच्या वाट्याला आलेल्या तंबूत हत्तीचा वास होता. आई आत डोकावून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, आणि तोंड उघडायचं नाही ही अट आजपासून की उद्यापासून, असं अण्णांना विचारलं.

अण्णा तंबूबाहेर शिबिराच्या सामानाच्या ट्रंकेवर बसले आणि समोर बघत राहिले. मीही बघितलं. मिठागर मी आगगाडीतून हजारदा पाहिलं असेल, पण त्याच्या काठावर उभं राहून पहिल्यांदाच. पाण्याचे चौकोन लांबवर मांडलेले, कोणी आखणीची पट्टी घेऊन आखावेत तसे. बांधांवर मिठाचे ढीग. त्यांच्यावर सूर्य उतरला तेव्हा ते आधी केशरी झाले, मग गुलाबी, मग आतून दिवा लावल्यासारखे. आमच्या भाषणांत मुंबई म्हणजे गिरण्या, गोदी, घाम. ही मुंबई एकाही भाषणात नव्हती. मला क्षणभर काही सुचेना. (माझ्या ओळखीच्या लोकांनी ही ओळ पुन्हा वाचावी.)

मग मी कॉफीची पुडी सोडली.

दाणे सुरेख होते. काळेभोर, तकतकीत. पण शिबिराच्या चुलीजवळ दळण्याचं साधन म्हणून फक्त एक पाटा-वरवंटा होता. मी चार दाणे पाट्यावर ठेवले आणि वरवंटा जोरात फिरवला. तीन दाणे मिठागरात गेले. चौथा राणेच्या कपाळावर बसला.

राणे लालबागचा. गिरणीत कताई खात्यात कामाला, मूळचा मालवणकडचा, माझा जिवलग मित्र आणि प्रत्येक ठरावाला माझा अनुमोदक. त्याने कपाळ चोळत दाणा उचलला, दाताखाली धरून बघितला.

"ह्या असा वाटूचा नाय रे," तो म्हणाला. "पाट्यार वाटूक व्हया तर आधी भिजत घालूक व्हया. माझी आये डाळ वाटता तेव्हा काय करता? रातभर भिजवता. सकाळी लोण्यासारखी वाटता."

हे बोलणं इतकं शास्त्रशुद्ध वाटलं की मी थक्क झालो. तरी चळवळीत कुठलीही गोष्ट कोणा एकाच्या मनाने करायची नसते. मी तिथल्या तिथे सभा बोलावली. शिबिरप्रमुख आमचे मास्तर, कवायतीचे निवृत्त शिक्षक, अध्यक्षस्थानी एका बादलीवर बसले. मी ठराव मांडला: 'उद्या सकाळच्या कॉफीसाठी आणलेले दाणे रात्रभर पाण्यात भिजवावेत.' राणेने अनुमोदन दिलं. मतदानापूर्वी चुलीपाशी भाकरी थापत बसलेल्या भागाबाई मान न वळवता म्हणाल्या, "भाजल्यालं बी कुनी भिजवतं व्हय?"

भागाबाई परळच्या. गिरणी कामगाराची विधवा, स्वतःही गिरणीत वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायला. मागल्या वर्षी त्यांच्या चाळीतल्या सगळ्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली त्यात त्याही होत्या. शिबिराची चूल सांभाळायला आपणहून आल्या होत्या. त्यांचं म्हणणं सभेने ऐकून घेतलं, पण नोंदवून घेतलं नाही. कारण नियम पाचवा: 'मतदानाचा अधिकार फक्त नोंदणी झालेल्या सत्याग्रहींस राहील.' चुलीपाशी बसणाऱ्यांना तो नव्हता. स्त्री-पुरुष समतेवर माझी दोन पत्रकं आहेत. पाचवा नियमही माझाच आहे.

ठराव प्रचंड बहुमताने मंजूर झाला. एकच हात विरोधात वर होता. तो आईचा होता. अण्णांनी तो खाली घेतला.

पिण्याचं पाणी लांबच्या नळावरून कावडीने आणावं लागत होतं. ते वाया घालवणं मला सामाजिक गुन्हा वाटला. म्हणून दाणे मी जवळच्या विहिरीच्या पाण्यात भिजत घातले. मिठागराच्या विहिरीचं पाणी कसं असतं हे ज्यांना माहीत आहे, त्यांनी इथे मनातल्या मनात हसून घ्यावं. मला माहीत नव्हतं.

सकाळी उठून पातेल्यावरचं झाकण काढलं. दाणे फुगले होते. आणि पाणी गडद तपकिरी झालं होतं. डाळ भिजवलेल्या पाण्याचं आपण काय करतो? ओतून देतो. मी ते ओतून दिलं. भागाबाई शेजारी भांडी घासत होत्या. त्यांनी त्या ओघळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि राखेचा हात कपाळाला लावला.

आता अण्णा ट्रंकेवर येऊन बसले होते. बोटांचा कारभार सुरू झाला होता. एक बोट. आईने टॉवेल दिला. दोन बोटं. आईने हात हलवून वडाळ्यात वर्तमानपत्र नाही असं खुणेने सांगितलं. मग अण्णांचा तळहात उताणा झाला आणि सावकाश माझ्याकडे वळला.

मी वरवंटा धरला.

भिजलेली डाळ लोण्यासारखी वाटली जाते, हे खरं आहे. भिजलेला कॉफीचा दाणा चपलेच्या टाचेसारखा होतो. वरवंट्याखाली तो चिरडत नाही, निसटतो. मी वाटायचो, तो निसटायचा. मी थकलो की राणे बसायचा. राणे गिरणीत पाळीपाळीने उभा राहणारा माणूस, पण पंधरा मिनिटांत त्याच्या बनियनचा रंग बदलला. "मधू," तो धापा टाकत म्हणाला, "ह्या वाटण नसा रे. ही हरताळ असा." शेवटी कसाबसा एक जाडाभरडा, काळपट गोळा हाती लागला. लांबून तो काळ्या वाटाण्याच्या उसळीचं वाटण वाटला असता. जवळूनही.

गोळा पातेल्यात गेला. पिण्याचं पाणी वाचवायचं धोरण कायम होतं, म्हणून विहिरीचं पाणी. वर तबेल्यातून आलेलं म्हशीचं घट्ट दूध. खाली जाळ. मी डावाने ढवळत होतो आणि मनात तुकडीची घोषणा म्हणत होतो. पहिली उकळी आली आणि दूध फाटलं. एकदम नाही. आधी कडेला फुटलं, मग मध्यभागी, आणि शेवटी पातेल्यात दोन पक्ष स्पष्ट दिसायला लागले.

"गाळलं की कळायचं नाय," राणे म्हणाला. त्याची माझ्यावरची निष्ठा अशी आहे.

गाळणं नव्हतं. फडकी सगळी भाकऱ्यांना बांधलेली. मी डोक्यावरची पांढरी टोपी काढली. आदल्याच दिवशी आईने धुऊन, चांगली कडक खळ घालून, इस्त्री करून दिलेली टोपी. मी ती उलटी धरली, राणेने पातेलं वाकवलं. समोर आईने पदराचा बोळा तोंडात धरला. तिचे खांदे हलत होते. ती रडते आहे की हसते आहे, हे मला कळेना. कुठलंही असलं तरी तिला तो अधिकार होता.

टोपीतून जे खाली आलं ते गाळीव होतं, पण त्यात आता खळही उतरली होती. पेल्यात ओतताना ते पडलं नाही. उतरलं. एखादा म्हातारा माणूस जिना उतरतो तसं, थांबत थांबत.

दोन पेले भरले. एक अण्णांचा, एक माझा. मी ते घेऊन ट्रंकेकडे चाललो. ती पंचवीसएक पावलं. पोरं रांग धरून उभी राहिली होती. मास्तर शिट्टी तोंडात धरून विसरले होते. मला ठाऊक होतं की हा पेला अण्णांच्या ओठाला लागला की माझा सत्याग्रह संपला. राणे जाणार, सगळे जाणार, मी वाडीत बसून त्यांच्या स्वागताचं पत्रक लिहिणार.

मी पेला पुढे केला. अण्णांनी पेल्यात पाहिलं. पेल्याने अण्णांकडे पाहिलं म्हटलं तरी चालेल, कारण वर एक साय होती आणि तिला दोन बुडबुडे होते. त्यांनी पेला हातात घेतला नाही. हनुवटीने खूण केली: आधी तू.

मी प्यायलो.

पहिला घोट खारट होता. दुसरा कडू होता. तिसऱ्यात दोन्ही होतं आणि शिवाय इस्त्रीची चव होती. आतमध्ये दाण्यांचा चोथा दाताखाली करकरत होता. डोळ्यांत पाणी आलं, ते मी देशभक्तीच्या खात्यावर टाकलं. पेला संपवला, खाली ठेवला आणि म्हणालो, "उत्तम झाली आहे."

अण्णांनी माझ्या चेहऱ्याकडे बारकाईने पाहिलं. मग एका बोटाने स्वतःचा पेला हळूहळू माझ्याकडे सरकवला.

मागे कुठेतरी राणे "आये गे" म्हणाला.

मी तोही प्यायलो.  पेला खाली ठेवून मी ताठ उभा राहिलो आणि म्हटलं, "हीसुद्धा उत्तम आहे."

 दूर मिठागरात माणसं फळ्यांनी मीठ ओढत होती, तेवढाच आवाज. अण्णांचा तळहात पुन्हा उताणा झाला, रिकामा. कॉफी मिळालेली नव्हती. माणूस मुका होता. सही हवेत होती.

तेवढ्यात भागाबाई उठल्या. पदराची गाठ सोडली. तिच्यात ओंजळभर दाणे होते. कोरडे, काळे, तकतकीत.

"हे कुठून आले?" मी विचारलं.

"तुज्याच पुडीतलं. भिजवायच्या आदी काडून ठिवलं."

"पण ठराव झाला होता, भागाबाई."

"व्हय की. किती दानं भिजवायचं, ते लिवलं हुतं का ठरावात?"

मी ठराव आठवून पाहिला. लिहिलं नव्हतं. मसुद्यातली ही त्रुटी मला आजवर कोणी विरोधकाने दाखवली नव्हती.

यानंतर जे झालं ते मी शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो.

त्यांनी आधी तवा तापवला आणि खाली उतरवून मग त्यावर दाणे टाकले. नुसते फिरवले. "सर्द झाल्यात रातीच्या हवंनं. अंग गरम झालं की फुटत्यात." दोन मिनिटांत वास उठला. दादरच्या दुकानात रस्त्याच्या पलीकडून ओढणारा वास, तोच, पण इथे उघड्यावर, खाऱ्या वाऱ्यात. तंबूंतून डोकी बाहेर आली. मग त्यांनी दाणे एका फडक्यात बांधले आणि वरवंटा आडवा न फिरवता उभा धरून गाठोड्यावर मारला. धप, धप, धप. एक दाणा उडाला नाही. उडणार कुठे? तो बांधलेला होता! पाट्यावर वाटायचंच असतं हे आम्ही गृहीत धरलं होतं. वरवंटा उभाही धरता येतो हे एवढ्या मोठ्या सभेत एकालाही सुचलं नव्हतं.

पाणी नळाचं. त्याला खळखळून उकळी आली तशी त्यांनी पातेलं खाली उतरवलं आणि नुसत्या बघत बसल्या.

"टाका ना आता," मी म्हटलं.

"थांब जरा. रागात हाय त्ये. राग निवू दे. रागावल्याल्या पान्यात टाकलं की कडू हुतं."

बुडबुडे बसले. त्यांनी पूड सोडली, एकदा ढवळलं, वर ताटली झाकली. आणि गप्प. त्यांच्याबरोबर आम्ही सगळे गप्प. कवायतीचे मास्तर, लालबागची पोरं, मी. सभेत मी कधी एवढी शांतता मिळवू शकलेलो नाही. मग त्यांनी ताटली काढली. वर पुडीचा जाड तवंग होता. आता टोपी कोणाची, असा विचार माझ्या मनात आला तोच त्यांनी ओंजळीत गार पाणी घेतलं आणि चार थेंब वरून शिंपडले. तवंग हलला, आणि सगळा सावकाश तळाला गेला. गाळणं नाही, फडकं नाही, काही नाही. चार थेंब! वरून त्यांनी अलगद ओतली ती स्वच्छ, लालसर काळी धार. तिच्यातून सूर्य दिसत होता. वर वेगळं तापवलेलं दूध, बेताची साखर.

पेला घेऊन त्या अण्णांकडे निघाल्या आणि मी त्यांच्या मागोमाग गेलो. आमच्या घरात कोणाच्या हातचं चालतं आणि कोणाच्या हातचं नाही, याची एक यादी आहे. ती कोणी लिहिलेली नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. त्या यादीविरुद्ध माझ्याकडे एक भाषण तयार होतं. कडक, मुद्देसूद, शेवटी टाळ्या येणारं. अण्णांनी नुसतं एक क्षण थबकायचा अवकाश, मी ते तिथेच ठोकणार होतो. मी घसा साफ केला.

"घ्या भाऊ," भागाबाई म्हणाल्या.

अण्णांनी पेला घेतला आणि एक घोट घेतला. डोळे मिटले. मग आणखी एक. मग सलग. पेला खाली केला तेव्हा तो रिकामा होता, आणि त्यांनी तो तसाच पुन्हा पुढे केला. माझं भाषण तोंडात होतं, ते मी गिळलं. कॉफीपेक्षा ते सोपं गेलं.

दुसरा पेला संपवून अण्णा बोलले. "बाई, तुम्ही हे कुठे शिकलात?"

"तंबूत. लगीन झालं तवा, गिरनीत लागायच्या आदी, मालक रेल्वेच्या मोजनीवर साखळी धरायला हुतं. घाटात तंबू मारून ऱ्हायचं सहा-सहा म्हैनं. सायबाला फाटंचं कॉफी लागायची. न्हाय मिळाली तर बोलायचा न्हाय, नुसता हात पुढं करायचा."

अण्णांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि तो कोटाच्या खिशात घातला.

"मला द्या बाई अर्धा पेला," आई म्हणाली. अट मोडली होती, पण अण्णांना त्याची आठवण करून देण्याची कोणाची छाती नव्हती. आईने घोट घेतला. बराच वेळ जिभेवर ठेवला. मग माझ्याकडे नाही, भागाबाईंकडे नाही, अण्णांकडे बघून म्हणाली, "पंचवीस वर्षं मी केली. एकदा तरी डोळे मिटलेत?"

अण्णा हेडक्लार्क आहेत. उत्तर द्यायचं नसेल तर कागद पुढे ओढायचा, हे त्यांना येतं. ते म्हणाले, "मधू, तो संमतीचा कागद आण."

मी आणला. "अण्णा, कॉफी मी केली नाही. अट पुरी झालेली नाही."

"मला दिसतं," ते म्हणाले. कोटातून पेन काढलं, कागद ट्रंकेवर ठेवला आणि लिहू लागले. सहीला एवढा वेळ लागत नाही. ते चांगल्या पाच-सहा ओळी लिहीत होते. घडी करून त्यांनी कागद मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांना कुठलाही कागद मनातल्या मनात वाचण्याची सवय नाही. त्यांनी शिट्टी मारून पोरांना रांगेत उभं केलं आणि कवायतीच्या आवाजात वाचायला सुरुवात केली:

"'माझा मुलगा मधुकर यास सत्याग्रहींच्या तुकडीबरोबर जाण्यास माझी संमती आहे. ठरल्याप्रमाणे त्यास कॉफी करता आली नाही, तरीही देत आहे. आज सकाळी त्याने स्वतः केलेली कॉफी माझ्यादेखत दोन पेले प्यायली, आणि ती वाईट आहे हे शेवटपर्यंत कबूल केले नाही. पोलीस या मुलाकडून काहीही वदवून घेऊ शकणार नाहीत, याची मी वडील या नात्याने हमी देतो.'"

शिबिर हसून लोळलं. मास्तर हसले नाहीत. त्यांनी कागदाची घडी घातली, माझ्याकडे प्रथमच आदराने पाहिलं आणि मला तुकडीच्या पहिल्या रांगेत, अगदी टोकाला उभं केलं.

पुढल्या आठवड्यात सीमेवर आम्हाला धरलं. मला ठाण्यात एका फौजदारापुढे उभं केलं. त्याने वहीतून मानही वर न काढता विचारलं, "नाव?"

मी नाव सांगितलं. मग वाडी सांगितली, मजला सांगितला, खोलीचा नंबर सांगितला, अण्णांच्या ऑफिसची वेळ सांगितली, आणि त्या दिवशीची कॉफी अत्यंत वाईट झाली होती, हेही सांगून टाकलं.